सड्यावर पडलेली तार

विजेची तार तुटून जमिनीवर पडली की वीज आपोआप बंद होते, असा बहुतेकांचा समज असतो. ओल्या शेतात पडली तर होतेही. पण आमच्या रत्नागिरीत सडा आहे. जांभ्याचा उघडा कातळ, लांबच लांब पसरलेला, शिमग्यानंतर तापून खडखडीत झालेला. त्यावर अकरा हजार व्होल्टची तार पडली, तर तिच्यातून जमिनीत जाणारा प्रवाह इतका किरकोळ असतो की बिघाड दिसताच वीज तोडणाऱ्या सबस्टेशनातल्या ब्रेकरला वाटतं, कोणीतरी बागेतला पंप लावला असेल. तो गप्प राहतो. तार तशीच पडून राहते. बऱ्याचदा ना ठिणगी, ना आवाज. दिसायला दोरीइतकी निरुपद्रवी, आणि हात लावेल त्याचा जीव घेणारी.

ही अशी पडलेली तार ओळखायची कशी, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. पीएच.डी. नसलेल्या मास्तराकडे आमच्याकडे ज्या नजरेनं बघतात, तशी नजर मासळी बाजारात शिळ्या बांगड्यावरसुद्धा कोणी टाकत नाही. मी बारा वर्षं ती नजर खाल्ली आणि मग नाव नोंदवलं. विषय मात्र मी मनापासून निवडला होता. तेवढं श्रेय मी स्वतःला देतो. त्यानंतरचं बाकी सगळं आठवलं की तोंड धुऊन यावंसं वाटतं.

कल्पना सोपी होती. भाट्याच्या पुलापलीकडून सड्यावरच्या गावांकडे जाणारी एक लाइन निवडली. तिच्यावर ठरावीक अंतरानं आठ पेट्या बसवल्या. प्रत्येक पेटी दर मिनिटाला एक बारीक संदेश सोडायची, आणि तो संदेश विजेच्याच तारेतून सबस्टेशनात पोचायचा. ज्या तारेतून वीज जाते तिच्यातूनच निरोपही जातो, यात काही जादू नाही. सबस्टेशनात मी एक यंत्र ठेवलं होतं. त्याच्या पडद्यावर आठ ठिपके. निरोप येतोय तोवर ठिपका हिरवा. निरोप थांबला की तांबडा, आणि वर भोंगा. तार मध्येच तुटली तर तिच्या पलीकडच्या पेट्यांचा निरोप येणारच नाही. म्हणजे कातळ कितीही कोरडा असो, ब्रेकर कितीही झोपलेला असो, आपल्याला कळणार.

पहिले चार महिने माझी छाती फुगलेली होती. मग खारं वारं सुरू झालं. समुद्रावरून येणारं मीठ इथे कशालाच सोडत नाही. स्कूटरचा मडगार्ड खातं, खिडकीचे गज खातं, खांबावर तार धरून ठेवणाऱ्या चिनी मातीच्या चिमण्यांवर पांढरट थर धरतं. पहाटे दंव पडलं की तो थर ओला होतो आणि माझा निरोप वाटेतच झिरपून जातो. तार शाबूत, पण ठिपके तांबडे. भोंगा कोकलायचा. सबस्टेशनातले ऑपरेटर काका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला शांत माणूस, पण त्यांनीही एकदा हात जोडले. म्हणाले, "सर, ह्याला पाळण्यात घालून झोका देऊ काय?"

या काकांची एक पद्धत होती. त्यांचीच नव्हे, इथल्या सगळ्याच जुन्या ऑपरेटरांची. गावातून कोणाचाही फोन आला की तार पडलीय, की आधी लाइन बंद करायची. मग विचारायचं, कोण बोलतंय, कुठल्या वाडीतून, कुठे पडलीय. फोन करणारा दारू पिऊन बोलतोय की पोर मस्करी करतंय, हे नंतर. लाइनमन जाऊन बघून येईपर्यंत सगळी गावं अंधारात राहिली तरी चालतील. बऱ्याचदा पडलेली असायची केबलवाल्याची वायर नाहीतर माडाची झावळी. लोक शिव्या घालायचे, आंब्याचे बागायतदार पंप थांबला म्हणून चिडायचे. पण सड्यावर पडलेली तार ब्रेकरला दिसत नाही, ती माणसालाच दिसते, हे या लोकांना कोणत्याही पेपरशिवाय ठाऊक होतं. मला ती पद्धत तेव्हा अडाणी वाटायची. हे मी इथे मुद्दाम लिहितोय.

माझे गाईड घाटावरच्या एका शहरात. त्यांना मी आलेख पाठवला. मध्ये मध्ये निरोप तुटल्याच्या रिकाम्या जागा, दात पडलेल्या तोंडासारख्या. त्यांचा लगेच फोन. "रिकाम्या जागा दिसल्या की पेपर तपासणारा प्रश्न विचारतो. शेवटचं चांगलं वाचन पुढे ओढ ना. सगळे तेच करतात." मी प्रोग्राममध्ये मोजून एक ओळ लिहिली. निरोप आला नाही तर मागचाच निरोप पुन्हा आला असं धर. आलेख असा सरळ, हिरवागार झाला की मलाच त्याचा अभिमान वाटला. पेपर स्वीकारला गेला. कॉलेजनं फलकावर फोटो लावला. ज्यांनी बारा वर्षं शिळ्या बांगड्यासारखं बघितलं, ते पेढे मागू लागले, आणि मी लाळ गाळत ते वाटले.

खरी घाण पुढे झाली. वीज कार्यालयाच्या साहेबांना यंत्राचं उद्‌घाटन करायचं होतं. ठरल्या दिवशी सकाळी भरपूर दंव. मी सबस्टेशनात पोचलो तर तीन ठिपके तांबडे आणि भोंगा चालू. साहेब अकराला येणार. लॅपटॉपवर पेपरासाठी केलेला तो प्रोग्राम होता. तो यंत्रात चढवला. फक्त आजच्या दिवसापुरता, असं मनाशी म्हणालो. आठही ठिपके हिरवे. साहेब आले, यंत्राला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, त्याचं पाणी माझ्या कीबोर्डवर उडालं. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "एकसुद्धा तांबडा नाही, वा!" मीही हसलो. मग यंत्र पॅनेलमध्ये ठेवून कुलूप लावलं, वर कार्यालयाचं सील; बाहेर फक्त पडदा आणि नोंदी काढायची वायर राहिली. आणि जुना प्रोग्राम परत चढवायचा राहिला. राहिला म्हणजे मी विसरलो नाही. आठवत होतं. पण भोंगा वाजत नव्हता, काका खूश होते, साहेब खूश होते, आणि मला चांगली झोप लागत होती.

त्यानंतर साहेबांनी एक पत्रक काढलं. जनतेच्या फोनवरून लाइन बंद करण्याआधी यंत्र बघावं. यंत्र हिरवं असेल तर बंद करू नये, केल्यास लेखी खुलासा द्यावा. परिणाम असा झाला की त्या लाइनवरचे बंद, म्हणजे वीज तोडण्याचे प्रसंग, एकदम कमी झाले. साहेबांनी मला बोलावून ते दाखवलं. आणि मी काय केलं? दुसऱ्या पेपराच्या शेवटी वाक्य लिहिलं की प्रस्तुत यंत्रणेमुळे ग्राहकांच्या तक्रारींवरून होणारे अनावश्यक बंद लक्षणीय प्रमाणात घटले. अनावश्यक. हा शब्द मी विचार करून निवडला होता.

मोहोर जाऊन कैऱ्या धरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळी मी यंत्रातली माहिती आणायला सबस्टेशनात गेलो. काका नेहमी चहा सांगतात, त्या दिवशी सांगितला नाही. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, काल तार पडली व्हती. दीड तास पडून व्हती. तुमचां हे हिरवंच." मी नोंद काढून बघितली. कालचा अख्खा दिवस आठही ठिपके हिरवे. पुढचे तीन ठिपके दुपारी चारपासून नुसते मागचं वाचन पुढे ओढत होते. माझी ओळ इमानेइतबारे काम करत होती. मला काकांकडे बघवेना. कोणी फोन केला नव्हता का, मी विचारलं. "केला व्हता ना. एका बाईनं. तीनदा," काका म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मी स्कूटर काढून तसाच सड्यावर गेलो. ती बाई शोधायला वेळ लागला नाही. वाडीतल्या पहिल्याच घरानं वाट दाखवली. चाळिशीची, काटक, नवरा मुंबईला हॉटेलात, घरी दोन मुली आणि सासू. मी कोण ते सांगितलं. तिनं आधी ओसरीवर खुर्ची मांडली आणि कोकमाचं सरबत दिलं. एवढा मान मला शिवीसारखा लागला. मग ती मला कातळावर घेऊन गेली. शाळेची पाऊलवाट तिथूनच जाते. तुटलेली तार लाइनमननं ओढून पुन्हा बांधली होती, पण ती जिथे पडली होती तिथे कातळावर एक काळी रेघ उमटली होती आणि शेजारी जळक्या केसांचा वास अजून होता.

"मी गवताचा भारा घेऊन येत व्हते," ती सांगू लागली. "बगते तर वाटेवर तार. आडवी. मी लगेच फोन लावला. तो म्हनतो, बाई, मशीन हिरवां हाय, तार तुटलेली नाय. केबलवाल्याची असंल. मी म्हनलां, अवो, वर बगा ना, खांबावरनं लोंबतेय! तो म्हनतो, मी हितनं कसां बगू? मशीन बगतंय ना."

"मग?"

"मंग काय. शाळा सुटायची वेळ झाली व्हती. पोरां ह्याच वाटेनं येतात. मी भारा टाकला आनि वाटेत हुबी राह्यले, काठी घेऊन. हात लावायची हिंमत नाय. नुसती हुबी. परत फोन केला. परत तेच. आमचा कुत्रा रोज पोरींना आनायला शाळेत जायचा. त्या लांबनं दिसल्या. मी वराडले, थांबा, थांबा. त्यांना वाटलां, मी बोलावतेय. कुत्र्याला पन तसांच वाटलां. तो पुढे धावत आला."

तिनं पायानं ती काळी रेघ दाखवली.

"तो पडला तेव्हा पोरी थांबल्या," ती म्हणाली. "न्हायतर नसत्या थांबल्या. मी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा नुसती रडत व्हते. तवा त्यानं बंद केली."

मी तिथेच वाटेच्या कडेला उकिडवा बसलो आणि सरबतासकट सगळं ओकलो. तिनं पाण्याची बाटली आणली, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "वास हाय ना अजून. सवय नाय तुमाला." तिला वाटलं, वासानं झालं. वासानं नाही हे मी तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी तोंड पुसलं आणि म्हणालो, यंत्रात थोडा बिघाड झाला होता. बिघाड! मी स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ होती ती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "आता परत फोन केला तर बंद करतील ना? पोरी ह्याच वाटेनं जातात."

ती एवढीच एक गोष्ट मागत होती. मी साहेबांकडे गेलो. सगळं खरं सांगितलं. कुलूप उघडा, मी जुना प्रोग्राम चढवतो, म्हणालो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पुन्हा भोंगा वाजणार?" दंव पडलं की वाजेल, मी म्हणालो, पण तार पडल्यावरही वाजेल. "सर," ते म्हणाले, "आणखी तीन लाइनींवर हे यंत्र बसवायला वरून मंजुरी आलीय. आता यंत्र चुकलं असं लेखी आलं तर मी काय तोंड दाखवू? माणूस तर गेला नाही ना? कुत्रं होतं." मग निदान ते पत्रक मागे घ्या, मी म्हणालो. ते घड्याळाकडे बघायला लागले. मी लेखी अर्ज दिला. आवकचा शिक्का मारून मिळाला. अर्ज विचाराधीन आहे, असं आजही सांगतात.

गाईडना फोन केला. त्यांना मुलींचं, कुत्र्याचं सगळं सांगितलं. ते उत्साहानं म्हणाले, "अरे, उत्तम! प्रत्यक्ष घटना मिळाली. मर्यादा म्हणून एक परिच्छेद घाल, नाहीतर वेगळा पेपरच होईल." त्यांच्या आवाजात खरोखर आनंद होता. मी म्हणालो, आधीचा आलेख खोटा आहे असं नियतकालिकाला कळवतोय. तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या नावाबरोबर माझंही नाव आहे, एवढं लक्षात ठेव." मी कळवलं. पत्र मिळाल्याचं उत्तर आलं, पुढे काही नाही. गाईडनी त्या दिवसापासून माझा फोन उचललेला नाही आणि प्रबंध जिथे होता तिथेच पडला आहे. कॉलेजात लोक पुन्हा जुन्या नजरेनं बघतात. या वेळी मला ती नजर रास्त वाटते.

राहिले काका. त्यांना मी जाऊन म्हणालो, यंत्राकडे बघू नका, तुमची जुनी पद्धतच बरोबर होती. काका चिडले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच बघितलं. "आता सांगताव? पत्रक माज्या नावावर हाय, सर. मशीन हिरवां असताना बाईच्या फोनवर बंद केली की खुलासा. दोनदा खुलासा झाला की पेन्शनीत लफडां. त्या दिवशी बंद केली त्याचाच खुलासा लिवतोय मी." खरंच त्यांच्या पुढ्यात अर्धा लिहिलेला कागद होता. मग थोड्या वेळानं ते खाली मान घालून म्हणाले, "एक करा. तुमी मशीनवाले, पडद्यावर नाय दिसत तां तुमाला दिसतां आसां सायेब मानतात. तुमी मला फोन करून सांगा, मशीनमधी तार तुटल्याची खूण दिसतेय. मी वहीत लिवीन, मशीनच्या सूचनेवरून बंद. त्याला कोन खुलासा मागत नाय."

मला त्या सूचनेची शिसारी आली. आणि दुसरा रस्ता नव्हता. मी सड्यावरच्या चारही वाड्यांत फिरलो, शाळेत गेलो, घरोघर माझा नंबर दिला. तार पडली तर सबस्टेशनला नको, मला फोन करा, असं सांगत सुटलो. लोकांना वाटलं, मी निवडणुकीला उभा राहतोय.

पहिला फोन दीड महिन्यानं आला. मी वर्गात होतो, फळ्यावर वीज पारेषणाची समीकरणं लिहीत. फोन त्याच बाईचा. एका बागेच्या फाटकाशी तार पडली होती आणि आत माणसं कैऱ्या उतरवत होती. मी खडू टाकला, व्हरांड्यात आलो आणि काकांना फोन लावला. "काका, यंत्र सांगतंय, शेवटच्या टप्प्यात तार तुटलीय. बंद करा." यंत्र काहीही सांगत नव्हतं. यंत्रावर आठ हिरवे ठिपके होते. काकांनी क्षणात लाइन बंद केली. मी वर्गात परत गेलो आणि अर्धवट समीकरण पुसून टाकलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "अभिनंदन सर! तुमच्या यंत्रानं तार पकडली. वहीत नोंद आहे. मी वर कळवतोय." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? खरं सांगितलं असतं तर पुढच्या वेळी काकांनाही बंद करता आलं नसतं. माझी विद्या, माझ्या आठ पेट्या, माझे दोन पेपर यांचा आता एवढाच उपयोग उरला होता, की एका बाईनं डोळ्यांनी बघितलेलं मी यंत्राच्या तोंडचं म्हणून पुढे सांगायचं.

नंतर तिचाही फोन आला. बागेतली माणसं सुखरूप असल्याचं सांगितलं. मग विचारलं, "सायेब, तुमी त्यांना काय सांगितलांत?"

मी म्हणालो, "यंत्रानं सांगितलं म्हणून सांगितलं."

"माजां नाव नाय सांगितलांत?"

"नाही."

ती अगदी सहज म्हणाली, "बरां केलांत. माजां नाव सांगितलां असतांत तर बंद केली नसती त्यांनी."